एलिझाबेथ पहिली : विलंबाचे राजकारण आणि त्याची किंमत

प्रास्ताविक

ट्यूडर घराण्यातील शेवटची राज्यकर्ती एलिझाबेथ पहिली (१५३३-१६०३) हिची ४४ वर्षांची कारकीर्द आपल्या वर्गांतून सहसा ‘सुवर्णयुग’ या एका शब्दात शिकविली जाते. स्पॅनिश आर्माडाचा पराभव, शेक्सपिअरची नाटके आणि ईस्ट इंडिया कंपनीची सनद या तीन गोष्टी सांगितल्या की प्रकरण संपते. याउलट तिच्या मंत्र्यांच्या पत्रव्यवहारात निराळीच राणी भेटते. ती निर्णय घेत नाही, घेतलेला फिरविते, सही केलेला कागद परत मागते. जे. ई. नील यांनी १९३४ साली लिहिलेल्या चरित्रात या स्वभावामागे असामान्य चातुर्य पाहिले. १९८८ मध्ये क्रिस्टोफर हेग यांनी मात्र अधिक कठोर चित्र उभे केले. समकालीन पुरुषांनी तर या चालढकलीचे खापर तिच्या स्त्रीत्वावर फोडले होते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, विलंब हा तिच्या स्वभावाचा दोष नव्हता आणि प्रत्येक वेळी ती चतुराईही नव्हती. खडे सैन्य नसलेल्या व तुटपुंज्या उत्पन्नावर चालणाऱ्या राज्याचे ते एक साधन होते. काही क्षेत्रांत ते उपयोगी पडले, तर काही क्षेत्रांत त्याची किंमत इतरांना मोजावी लागली.

हे साधन तिच्या हाती सिंहासनावर येण्यापूर्वीच आले होते. तिच्या वयाच्या तिसऱ्या वर्षी, १५३६ मध्ये, आई ॲन बोलीन हिचा शिरच्छेद झाला आणि ती स्वतः अनौरस ठरविली गेली. १५४४ च्या कायद्याने तिला वारसाक्रमात स्थान मिळाले, परंतु औरसत्व मिळाले नाही. सावत्र बहीण मेरी ट्यूडर हिच्या कारकिर्दीत वायटचे बंड झाले आणि त्यात सामील असल्याच्या संशयावरून १७ मार्च १५५४ रोजी तिला टॉवर ऑफ लंडनमध्ये नेण्यासाठी दोन उमराव आले. बहिणीला पत्र लिहिण्याची तिने परवानगी मागितली. पत्र संपेपर्यंत थेम्स नदीची भरतीची वेळ टळून गेली आणि नाव त्या दिवशी निघू शकली नाही. पत्राच्या शेवटच्या पानावर उरलेल्या कोऱ्या जागेत तिने तिरप्या रेघा ओढल्या, जेणेकरून कोणी खोटा मजकूर घुसडू नये. दुसऱ्या दिवशी तिला टॉवरमध्ये जावेच लागले. मिळाला तो एकच दिवस. पण ज्या मुलीच्या आईचे डोके त्याच टॉवरमध्ये उडविले गेले होते, तिला एका दिवसाचे मोल काय वाटले असेल, हे सांगावयास नको.

धर्मव्यवस्था : संदिग्धतेचा कायदा

१७ नोव्हेंबर १५५८ रोजी ती राणी झाली तेव्हा इंग्लंडने बारा वर्षांच्या आत दोन वेळा आपला अधिकृत धर्म बदललेला पाहिला होता. मेरीच्या काळात सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले होते. १५५९ च्या कायद्याने एलिझाबेथने चर्चवरील पोपची सत्ता पुन्हा रद्द केली. मात्र स्वतःस तिने चर्चचा ‘सर्वोच्च प्रमुख’ न म्हणवता ‘सर्वोच्च नियंता’ म्हणवून घेतले. एका स्त्रीला चर्चचे मस्तक मानणे कॅथलिकांना जसे अशक्य होते, तसेच अनेक प्रोटेस्टंटांनाही रुचणारे नव्हते. एका शब्दाच्या बदलाने दोघांनाही पळवाट मिळाली. उपासनेच्या एकरूपतेचा दुसरा कायदा उमरावांच्या सभागृहात अवघ्या तीन मतांनी संमत झाला. नव्या प्रार्थनापुस्तकात प्रसादाची भाकर देताना उच्चारावयाची १५४९ आणि १५५२ च्या पुस्तकांतील दोन वेगवेगळ्या अर्थांची वाक्ये सरळ एकापुढे एक ठेवून दिली गेली. ख्रिस्ताचे शरीर त्या भाकरीत प्रत्यक्ष आहे की ते केवळ स्मरण आहे, हा ज्या प्रश्नावर युरोपात रक्त सांडत होते, त्याचे उत्तर अशा रीतीने प्रत्येक उपासकावर सोपविण्यात आले.

हा तोल दहा-बारा वर्षे टिकला. रविवारी चर्चमध्ये न येणाऱ्यास केवळ १२ पेन्स दंड होता. फेब्रुवारी १५७० मध्ये पोप पाचवा पायस याने राणीला धर्मबहिष्कृत केले व तिच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मुक्त केले, तेव्हा परिस्थिती पालटली. १५८१ मध्ये तोच दंड दरमहा २० पौंडांवर गेला. १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूने इंग्लंडमध्ये पाऊल ठेवणे हाच राजद्रोह ठरला. तिच्या कारकिर्दीत १८० हून अधिक कॅथलिकांना मृत्युदंड झाला. त्यांच्यावरील आरोप पाखंडाचा नसून राजद्रोहाचा होता, हे शासनाचे समर्थन होते. फाशी जाणाऱ्याच्या दृष्टीने या भेदाला कितपत अर्थ होता, हा प्रश्न वेगळा.

मराठी वाचकाला या धर्मसंघर्षाचा एक धागा आपल्या दारात येऊन पोहोचलेला दिसेल. विल्टशरमध्ये जन्मलेल्या थॉमस स्टीफन्स या तरुणाने स्वदेशात कॅथलिक धर्मजीवन अशक्य झाल्याने रोम गाठले, १५७५ मध्ये जेझुइट संघात प्रवेश केला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये तो गोव्यास उतरला. साष्टीत आयुष्य घालवून त्याने मराठी ओवीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. १५८३ मध्ये राणीने अकबराच्या नावे दिलेले पत्र घेऊन निघालेले जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आदी इंग्रज व्यापारी होर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी खटपट करणाऱ्यांत हाच स्टीफन्स होता. ज्या राणीच्या राज्यात त्याला धर्मगुरू म्हणून राहता आले नसते, तिच्याच पत्रवाहकांना त्याने सोडविले.

विवाह आणि वारस

संसदेने राणीला विवाहाची विनंती पहिल्यांदा केली ती १५५९ मध्ये, म्हणजे राज्यारोहणानंतर काही महिन्यांतच. यात केवळ परंपरेचा आग्रह नव्हता. ऑक्टोबर १५६२ मध्ये हॅम्पटन कोर्ट येथे राणीला देवी आल्या आणि ती मरणार असे काही दिवस सर्वांनी गृहीत धरले. वारस कोण, यावर मंत्र्यांचे एकमत नव्हते. त्या आजारपणात यादवी युद्ध किती जवळ आहे हे सर्वांना दिसले. पुढील वर्षीच्या संसदेने विवाह व वारस या दोन्ही विषयांवर अर्ज केले. राणीने गोड शब्दांत वेळ मारून नेली. १५६६ मध्ये संसदेने पुन्हा हट्ट धरला व कराचा प्रश्न त्याला जोडला, तेव्हा तिने प्रथम चर्चेवर बंदी घातली, मग बंदी उठवली आणि मंजूर होणाऱ्या करातील एक तृतीयांश भाग आपणहून सोडून दिला. उत्तर न देण्याचा हक्क तिने अक्षरशः पैसे मोजून विकत घेतला, असे म्हणण्यास हरकत नाही.

तिचे म्हणणे मुळात चुकीचे नव्हते. विवाह परदेशी राजपुत्राशी केला तर देश त्याच्या युद्धांत ओढला जातो, हे मेरी ट्यूडरच्या स्पेनशी झालेल्या सोयरिकीने दाखविले होते. त्या युद्धात १५५८ मध्ये कॅले गमावले होते. देशी उमरावाशी करावा तर दरबारात दुफळी निश्चित होती. रॉबर्ट डडलीवर तिचा जीव होता, परंतु त्याची पत्नी ॲमी ही सप्टेंबर १५६० मध्ये जिन्याच्या पायथ्याशी मृतावस्थेत सापडल्यानंतर तो विवाह राजकीयदृष्ट्या अशक्यप्राय झाला. आणि वारस जाहीर केला तर लोक उगवत्या सूर्याकडे वळतात, हे तिने मेरीच्या काळात स्वतःच वारस म्हणून अनुभवले होते. म्हणून वाटाघाटी चालू ठेवावयाच्या आणि पूर्ण करावयाच्या नाहीत, हे धोरण बनले. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक चार्ल्स, पुढे फ्रान्सचा आंजूचा ड्यूक अशा बोलण्यांतून वर्षानुवर्षे शत्रूंना झुलवीत ठेवता आले. पण या खेळात कोणी आपले मत उघड मांडले तर? १५७९ मध्ये फ्रेंच विवाहाविरुद्ध पुस्तिका लिहिणाऱ्या जॉन स्टब्स याचा उजवा हात जाहीररीत्या तोडण्यात आला. वारसाचा प्रश्न संसदेत आणू पाहणारा पीटर वेंटवर्थ १५९३ मध्ये टॉवरमध्ये गेला आणि १५९७ मध्ये तेथेच वारला.

मेरी स्टुअर्ट

विलंबाची सर्वांत अवघड कसोटी म्हणजे स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी स्टुअर्ट. मे १५६८ मध्ये ती आश्रयार्थ इंग्लंडमध्ये आली आणि जवळजवळ १९ वर्षे नजरकैदेत राहिली. तिला परत पाठविणे, मुक्त करणे, वारस मानणे किंवा मारणे या चारही मार्गांत धोका होता. एलिझाबेथने यांपैकी एकही निवडला नाही. परिणामी १५६९ चे उत्तरेकडील बंड, १५७१ चा रिडॉल्फीचा कट आणि १५८६ चा बॅबिंग्टनचा कट हे सारे मेरीच्या नावाभोवती गुंफले गेले. वॉल्सिंगहॅमच्या हेरांनी शेवटच्या कटातील तिची पत्रे वाचली आणि ऑक्टोबर १५८६ मध्ये फॉदरिंगहे येथे तिच्यावर खटला झाला. संसदेने शिक्षेच्या अंमलबजावणीची मागणी केली असता, याला उत्तर नाही असेच उत्तर समजावे, अशा आशयाचे भाषण राणीने केले.

१ फेब्रुवारी १५८७ रोजी तिने मृत्युदंडाच्या फर्मानावर सही केली. त्याच दिवशी मेरीचा पहारेकरी सर अमियास पॉलेट यास, त्याने स्वतःच गुपचूप हे काम उरकावे, असे सुचविणारे पत्रही गेले. पॉलेटने ते साफ नाकारले. प्रीव्ही कौन्सिलने राणीला न सांगता फर्मान धाडले आणि ८ फेब्रुवारीला शिरच्छेद झाला. राणीचा संताप उसळला. फर्मान ज्याच्या हवाली केले होते, तो सचिव विल्यम डेव्हिसन जबर दंड व कैदेस पात्र ठरला. युरोपातील राजांपुढे हात झटकता यावेत यासाठी एका सेवकाचा बळी देण्यात आला, असाच निष्कर्ष निघतो. विल्यम कॅम्डेनचा राणीच्या कारकिर्दीवरील लॅटिन इतिहास या प्रकरणी फार वाचला जातो. त्याचा पहिला भाग १६१५ मध्ये, मेरीचा मुलगा जेम्स गादीवर असताना प्रसिद्ध झाला, ही गोष्ट तो वर्गात वापरताना विसरू नये.

युद्ध आणि तिजोरी

१५८५ मध्ये डच बंडखोरांना उघड मदत देण्याचा करार झाला आणि स्पेनशी युद्ध अटळ ठरले. १५८८ च्या आर्माडात सुमारे १३० जहाजे होती. कॅलेसमोर सोडलेली पेटती जहाजे, ग्रेव्हलीनची लढाई आणि नंतरची वादळे यांनी ते आरमार विस्कळीत झाले. टिल्बरीच्या छावणीतील राणीचे प्रसिद्ध भाषण सर्वांना ठाऊक असते, पण त्याचा आज प्रचलित असलेला मजकूर लायोनेल शार्प याने बऱ्याच वर्षांनी, राणीच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या पत्रातून आला आहे. त्याच ऑगस्ट महिन्यात विजयी जहाजांवरील खलाशी रोगाने मरत होते आणि त्यांचे वेतन थकले होते. नौसेनापती हॉवर्डची त्याविषयीची कळकळीची पत्रे उपलब्ध आहेत. भाषण आणि पत्रे शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना वाचावयास दिली, तर ‘सुवर्णयुग’ या शब्दावर वेगळे भाष्य करावे लागणार नाही.

माझ्या मते एलिझाबेथच्या कारकिर्दीचे खरे अपयश येथे, तिजोरीच्या क्षेत्रात आहे. ती काटकसरी होती आणि प्रारंभी १५६०-६१ मध्ये हिणकस नाणी काढून घेण्याचे धाडसी कामही तिने केले. परंतु जमीनदारांच्या संपत्तीची कराकरिता होणारी आकारणी वाढत्या किमतींनुसार सुधारण्यास तिने कधी हात घातला नाही. तसे करणे म्हणजे ज्या वर्गाच्या बिनपगारी सेवेवर परगण्यांचा कारभार चालत होता, त्यालाच दुखविणे होते. एका संसदीय कराचे उत्पन्न कारकिर्दीच्या प्रारंभी सुमारे १,४०,००० पौंड होते, ते शेवटी ८०,००० च्या आसपास आले. किमती मात्र चढतच होत्या. आयर्लंडमधील टायरोनच्या उठावाने (१५९४-१६०३) एकट्यानेच सुमारे वीस लाख पौंड गिळले. १५९४ ते १५९७ या काळात लागोपाठ पिके बुडाली, गरिबांवर उपासमारीची वेळ आली आणि १५९८ व १६०१ चे दारिद्र्यविषयक कायदे करावे लागले.

ही तूट भरून काढण्यासाठी राजघराण्याच्या जमिनी विकल्या गेल्या आणि दरबारी मंडळींना पगाराऐवजी मक्ते देण्यात आले. मीठ, स्टार्च, पत्ते अशा जिनसांचे मक्ते होते आणि भाववाढीचा भार सामान्यांवर पडत होता. १६०१ च्या संसदेत यावरून वादळ उठले, तेव्हा राणीने त्यांतील जाचक मक्ते रद्द करण्याचे आश्वासन दिले आणि ३० नोव्हेंबरला सभासदांसमोर आपले अखेरचे गाजलेले भाषण केले. सभासद सद्गदित होऊन परतले, पण मक्त्यांची पद्धत राहिलीच.

पूर्वेकडील व्यापाराची सनददेखील या विलंबाच्या राजकारणातूनच गेली. लंडनच्या व्यापाऱ्यांनी सप्टेंबर १५९९ मध्ये तीस हजार पौंडांवर रकमेची वर्गणी जमवून परवानगी मागितली होती. परंतु स्पेनशी तहाची बोलणी सुरू होण्याची चिन्हे असल्याने ती अडवून ठेवण्यात आली. बूलोन येथील बोलणी १६०० मध्ये फिसकटल्यावरच ३१ डिसेंबर १६०० रोजी पंधरा वर्षांच्या मुदतीची सनद मिळाली. आपल्याकडे ही तारीख साम्राज्याच्या आरंभाचा दूरदर्शी क्षण म्हणून सांगितली जाते. राणीच्या दृष्टीने मात्र तिजोरीला तोशीस न लावता दिलेला तो आणखी एक मक्ता होता.

फेब्रुवारी १६०१ मध्ये तिचा लाडका एसेक्स बंड करून शिरच्छेदास सामोरा गेला, त्यानंतर तिची प्रकृती आणि उमेद खचत गेली. वारसाचे नाव तिने तेव्हाही जाहीर केले नाही. मात्र सचिव रॉबर्ट सेसिल १६०१ पासून स्कॉटलंडच्या जेम्सशी गुप्त पत्रव्यवहार करीत होता. २४ मार्च १६०३ रोजी पहाटे रिचमंड येथे राणीचे निधन झाले आणि त्याच दिवशी सकाळी लंडनमध्ये जेम्सच्या नावाची द्वाही फिरली. चार दशके ज्या यादवीची भीती होती, ती झाली नाही. जेम्सला सुमारे साडेतीन ते चार लाख पौंडांचे कर्ज वारशात मिळाले. त्यातील बराच भाग मंजूर झालेल्या, पण अद्याप वसूल न झालेल्या करांतून फिटण्यासारखा होता. मात्र जुनी आकारणी, विकलेल्या जमिनी आणि मक्त्यांचा प्रश्न तसाच राहिला आणि पुढे तो घेऊन जेम्सला व त्याच्या मुलाला वारंवार संसदेच्या दारात यावे लागले.