जोडणीची माहिती सोबत नाही

1957 साली इंग्लंडमध्ये लोटस सेव्हन नावाची गाडी विक्रीला आली. दोन माणसं बसतील एवढी, छप्पर नाही, दारं नाहीत, वजन पाचशे किलोच्या आसपास. कारखान्यातून तयार गाडी मिळत होती, पण इंग्लंडातल्या बहुतेक गिऱ्हाइकांनी ती खोक्यांतून घरी नेली आणि स्वतः जोडली. हौस म्हणून नव्हे, निदान फक्त हौस म्हणून नव्हे. कारण कराचं होतं.

ब्रिटनमध्ये महायुद्धाच्या काळात, 1940 साली, 'पर्चेस टॅक्स' नावाचा खरेदी कर आला आणि युद्ध संपलं तरी तो गेला नाही. 1955 ते 1959 या काळात मोटारगाडीवर तो घाऊक किमतीच्या साठ टक्के होता. मात्र हा कर तयार गाडीवर होता. सुट्या भागांवर नव्हता. म्हणजे तीच चॅसी, तेच इंजिन, तीच चार चाकं वेगवेगळ्या खोक्यांत असली की ते नुसतं सामान, आणि बोल्ट आवळले की मोटारगाडी. सेव्हनच्या बाबतीत तयार गाडी आणि खोकी यांच्या किमतीत जवळजवळ निम्म्याचा फरक पडत असे. अट अशी की जोडण्याचं काम मालकानंच करायचं, आणि विकणाऱ्यानं जोडणीची माहिती द्यायची नाही. माहिती दिली तर तो 'गाडीचा संच' ठरणार.

यावर लोटसनं काढलेली पळवाट या गाडीच्या चाहत्यांमध्ये अजून चवीनं सांगितली जाते. कायद्यानं जोडणीची माहिती द्यायला मनाई होती, पण गाडी खोलायची कशी हे सांगायला नव्हती. मग खोलण्याची कृती द्यायची. गिऱ्हाइकानं ती शेवटून वाचायची.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे माहिती न देण्यासाठी कोणत्याही कायद्याची गरज पडत नाही, ते आम्ही स्वेच्छेनं करतो. त्यामुळे हा किस्सा मला पहिल्यांदा समजला तेव्हा हसू आलं. नंतर मात्र वाटलं की इथं काहीतरी उलटं घडलंय. माहिती दडवण्याच्या नियमातून एक अशी पिढी तयार झाली, जिला आपल्या गाडीचा बोल्ट न् बोल्ट माहीत होता. हे कसं झालं ते बघायला सेव्हनच्या थोडं मागे जावं लागतं.

मागे म्हणजे ऑस्टिन सेव्हनपर्यंत. नावातला 'सेव्हन' सारखा असला तरी ही गाडी वेगळी. 1922 ते 1939 या काळात तिच्या जवळजवळ 2 लाख 90 हजार प्रती निघाल्या. छोटं 747 सीसीचं इंजिन, इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराची साधी चॅसी. युद्धानंतर नवी गाडी मिळणं मुश्कील होतं, कारण सरकारला डॉलर हवे होते आणि कारखान्यांचा माल परदेशी जात होता. जुन्या ऑस्टिन मात्र गल्लोगल्ली पडलेल्या. त्यांची कुजलेली बॉडी उतरवायची आणि खालच्या सांगाड्यावर आपल्या मनासारखी हलकी गाडी उभारायची, याला 'स्पेशल' बांधणं म्हणत. या मंडळींसाठी 1939 मध्येच 'सेव्हन फिफ्टी क्लब' निघाला होता. युद्धानंतर त्यानं स्वस्तातल्या शर्यतींसाठी नियम बांधून दिले. स्वस्तात हा शब्द महत्त्वाचा. शर्यतीचा नाद तोवर पैसेवाल्यांचा होता.

कॉलिन चॅपमन याच वातावरणातला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकताना तो मित्राबरोबर वॉरन स्ट्रीटवर जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. 1947 च्या शरद ऋतूत सरकारनं खासगी गाड्यांचा पेट्रोलचा मूळ कोटा बंद केला आणि जुन्या गाड्यांचा बाजार बसला. माल मिळेल त्या भावात काढून टाकल्यावर चॅपमनच्या हाती एक न खपलेली ऑस्टिन सेव्हन उरली. हेझल विल्यम्स ही त्याची मैत्रीण, पुढे बायको. तिच्या आईवडिलांच्या गॅरेजमध्ये 1948 साली त्यानं त्या ऑस्टिनवर ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडची बॉडी चढवली. हीच पहिली लोटस. एका मोठ्या कंपनीचा जन्म न विकल्या गेलेल्या मालातून झाला, असं म्हणायला हरकत नाही.

1951 च्या त्याच्या तिसऱ्या गाडीची एक करामत मला फार आवडते. ऑस्टिनच्या इंजिनात सिलिंडर चार, पण आत हवा-पेट्रोल घेणारी तोंडं दोनच. प्रत्येक तोंडावर दोन सिलिंडरांची भागीदारी. एकाचं घेऊन होतंय न होतंय तोच दुसरा ओढायला लागतो, सार्वजनिक नळासारखं. नियमानं इंजिन ऑस्टिनचंच हवं. चॅपमननं त्या दोन तोंडांत मधोमध पडदे बसवले आणि दोनाची चार तोंडं केली. त्या मोसमात त्याच्यापुढे कुणी टिकलं नाही आणि मग क्लबनं ती युक्ती नियमात बसणार नाही असं ठरवून टाकलं. नियम नीट वाचायचे आणि त्यांत काय लिहिलेलं नाही ते शोधायचं, ही सवय पुढे कराच्या बाबतीतही कामाला आली.

चॅपमनचं शिक्षण बांधकामातल्या सांगाड्यांचं. त्याचा खरा ठसा इंजिनात नाही, चॅसीत आहे. त्या वेळच्या गाड्या दोन जाड लोखंडी तुळयांवर उभ्या असत. 1952 मध्ये आलेल्या लोटस मार्क सिक्समध्ये त्यानं बारीक नळ्यांची जाळी वेल्ड केली; नुसत्या सांगाड्याचं वजन सुमारे 25 किलो. तत्त्व आपल्याकडच्या कौलारू घराच्या छपरातल्या कैचीचं. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून प्रत्येक चौकोनाला तिरका दांडा द्यायचा. इंजिनिअरिंगला असताना आमच्या कॉलेजचा संघ पिठमपूरच्या 'बाहा' स्पर्धेसाठी गाडी बांधायचा. तिथं मी एकदा अशाच सांगाड्यातला तिरका दांडा लावण्याआधी आणि लावल्यानंतर तो हातानं पिळून पाहिला होता. पुस्तकात कितीही आकृत्या काढा, तो फरक मनगटालाच कळतो.

मार्क सिक्स सुट्या भागांतच विकली जात असे आणि तिचे बरेचसे भाग साध्या फोर्ड गाड्यांचे होते. सेव्हन तिचीच सुधारलेली आवृत्ती. फोर्डचं 1172 सीसीचं जुनाट इंजिन, ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे, रिव्हेट. वळणदार पत्रा ठोकायला कसबी कारागीर लागतो, सपाट पत्रा कुणीही कापतो. सेव्हनचं रूप हे असं हिशेबातून आलंय. लोक त्यात सौंदर्य बघतात, तेही बरोबरच आहे.

चॅपमनला हलकेपणाचा साधू करून टाकायची एक रीत आहे, ती मला पटत नाही. त्याच्या गाड्या हलक्या होत्या तशा नाजूकही होत्या. 1970 मध्ये मोंझाला लोटसच्या फॉर्म्युला वन गाडीच्या पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटून योखेन रिंट गेला; गाड्यांच्या नाजूकपणाबद्दल त्यानं आधी चॅपमनला लिहून कळवलं होतं. सेव्हनमध्ये एवढं भीषण काही नव्हतं, पण गोत्यात आणणारं होतं. 1960 च्या दुसऱ्या आवृत्तीत मागचा ॲक्सल एका त्रिकोणी दांड्यानं थेट डिफरन्शियलच्या पोटाला धरला होता. तो ॲक्सल साध्या घरगुती गाडीचा, असं पिळवटलं जाण्यासाठी बनलेलाच नव्हता. कवच वाकायचं, तेल गळायचं, ते तेल खालच्या रबरी बुशावर जाऊन बुश खायचं. मालकांनी गॅरेजात पडल्या पडल्या उपाय काढला : कवचाला वरून पोलादी पट्ट्या वेल्ड करायच्या. त्या काळच्या घरगुती सुधारणा म्हटलं की आपल्याला दोन कार्ब्युरेटर आणि मोठा सायलेन्सर आठवतो. तेही होतंच, पण निम्मी अक्कल अशा पट्ट्यांमध्ये खर्च झालीय. ती त्यांना सुचली, कारण गाडी त्यांनी स्वतः जोडली होती.

आणि माहितीचं काय? ती लोकांनीच लिहिली. 1956 मध्ये जॉन हेन्स नावाच्या शाळकरी मुलानं आपल्या ऑस्टिनची स्पेशल कशी बांधली याची एक पुस्तिका काढली. 250 प्रती दहा दिवसांत संपल्या. हा मुलगा सिलोनमधल्या चहाच्या मळ्यावर वाढलेला. पुढे हवाई दलात असताना त्यानं मित्राची बिघडलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट सगळी खोलली, पायरी-पायरीचे फोटो काढले आणि परत जोडली. त्यातून हेन्स मॅन्युअल्स जन्माला आली. जगभरच्या गॅरेजांत तेलकट बोटांचे ठसे मिरवणारी ती पुस्तकं. त्यांत भाग काढण्याची कृती तपशीलवार असते आणि परत बसवायची वेळ आली की हेच उलट्या क्रमानं करा, एवढ्यावर भागवलेलं असतं. ब्रिटिश हौशी मेकॅनिक त्यावरून अजून कुरकुरतात. लोटसनं कर चुकवायला केलं, तेच हेन्सनं शिकवायला केलं.

गाडी जोडून झाली की 'सेटअप' उरतो. हलक्या गाडीत तो जास्त छळतो, आणि ते का हे मला इंग्लंडमध्ये कामासाठी सहा महिने असताना कळलं. तिथल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे स्वतः जोडलेली केटरहॅम होती. सेव्हनचाच पुढचा वंश. एका शनिवारी त्यानं मला घरी बोलावलं आणि पहिला प्रश्न विचारला, तुझं वजन किती? त्याच्याएवढंच निघालं. मग मला उजवीकडच्या सीटवर बसवलं, पेट्रोलची टाकी अर्धी ठेवली, पुढचा अँटी-रोल बार सोडवला आणि चारी चाकांखाली न्हाणीघरातले चार वजनकाटे सरकवले. एका चाकावर दीडशे किलोच्या आतला भार. गाडी माणसांच्या काट्यावर मावते, याचं मला फार अप्रूप वाटलं.

डगमगणारी खाट आठवा. पाय चारही असतात, पण खरा भार तिरप्या दोघांवर असतो आणि आपण एका पायाखाली कागदाची घडी सारतो. गाडीचंही तसंच. पुढच्या डाव्या स्प्रिंगची बैठक थोडी वर चढवली की त्या चाकावरचा भार वाढतो, आणि त्याबरोबर मागच्या उजव्यावरचाही. उरलेल्या दोघांवरचा कमी होतो. एकूण वजन तेवढंच, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडची वाटणीही तीच. बदलतो तो फक्त तिरपा हिशेब. तो जमला नाही तर गाडी डावीकडे एक वळते आणि उजवीकडे दुसरंच. दीड टनाच्या गाडीत सत्तर किलोचा माणूस म्हणजे विसावा हिस्सा, जाणवतही नाही. पाचशे किलोच्या गाडीत तो सातवा हिस्सा. म्हणून ती गाडी खरं तर एका विशिष्ट माणसासाठी जुळवलेली असते. टायरमध्ये हवाही अठरा-वीस पौंडच. आपल्याकडच्या पेट्रोलपंपावरच्या पोऱ्यानं पाहिली तर तो पंक्चरच समजेल. दुपारभर आम्ही हेच केलं : बैठक अर्धा फेरा फिरवायची, गाडी दाबून सोडायची, काटे वाचायचे. पुढच्या चाकांचा तिरपेपणा त्यानं मासेमारीची दोरी ताणून मोजला. लेझर वगैरे काही नाही.

कराची गोष्ट मध्येच राहिली. 1962 च्या अखेरीस गाड्यांवरचा कर 25 टक्क्यांवर आला आणि खोकी नेण्यातला फायदा आटला. 1 एप्रिल 1973 ला ब्रिटनमध्ये व्हॅट लागू झाला, तो सुट्या भागांनाही. त्याच वर्षी लोटसनं सेव्हनचे हक्क केटरहॅमच्या ग्रॅहम निअर्नला दिले. कारण संपलं, तरी रिवाज संपला नाही, हे या सगळ्यातलं मला सर्वांत न सुटलेलं कोडं आहे. 1996 मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकानं अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी याचं पुस्तक लिहिलं. एक भंगारातली फोर्ड एस्कॉर्ट, चौकोनी नळ्या आणि वेल्डिंग मशीन. प्रकाशक हेन्सच. पुस्तकातल्या काही मापांत चुका होत्या. वाचकांनी गाड्या बांधता बांधता त्यांचं शुद्धिपत्र तयार केलं. 'सेव्हन फिफ्टी'वाल्यांनी या गाड्यांची वेगळी शर्यतच सुरू केली.

सरकार तिथंही नजर ठेवतंच. घरी बांधलेल्या गाडीची रस्त्यावर येण्याआधी तपासणी होते. निरीक्षक दहा सेंटिमीटर व्यासाचा गोळा फिरवून बघतो, तो जिथं टेकेल तिथं धारदार कड नको. लोक नटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या घालून पास होतात. पण मुद्दा असा की पास होता येतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये सांगितलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारा बदल चालणार नाही. आपले रस्ते आणि आपले सायलेन्सर बघता तो निकाल मला समजतो. तरी गाडी स्वतः बांधून तिला नंबर मिळवू पाहणाऱ्याला यात जागा कुठे, हा प्रश्न उरतोच.

आमची बाहाची गाडी स्पर्धेनंतर वर्कशॉपच्या मागे पत्र्याखाली उभी होती. तिला नंबर मिळण्याचा प्रश्न नव्हता, ती रस्त्यासाठी नव्हतीच. पुढच्या वर्षीच्या पोरांनी तिचं स्टिअरिंग आणि मागचे हब काढून नेले. दोघंजण होते, एका दुपारीत काम आटोपलं, आणि काढताना त्यांनी प्रत्येक बोल्टाचा क्रम खडूनं फरशीवर लिहून ठेवला.