पडद्याला पडलेलं भोक

जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावून आतला पडदा बघता येईल असं उपकरण हेल्महोल्ट्झनं १८५१ साली बनवलं. त्याआधी बाहुली म्हणजे नुसतं काळं भोक, आत काय चाललंय ते कळायला मार्गच नव्हता. उपकरण आल्यावर दोनच वर्षांत, १८५३ मध्ये, कॉक्सियस नावाच्या जर्मन डॉक्टरनं सुटलेल्या पडद्याला पडलेली फाट पाहिली आणि तसं लिहूनही ठेवलं. म्हणजे रोग दिसला, रोगाचं कारणही दिसलं. आता उपाय किती लांब असणार?

जवळजवळ सत्तर वर्षं लांब!

हा विषय माझ्या डोक्यात कुठून आला ते आधी सांगतो. गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. (आपल्याकडे 'पडदा सरकला' म्हणतात. मला ते आधी नाटकाच्या थिएटरातलं काहीतरी वाटायचं.) ऑपरेशन झालं, आणि घरी येताना हातात जे डिस्चार्ज कार्ड मिळालं त्यावर ऑपरेशनच्या नावाची एक लांबलचक ओळ होती: पट्टा, व्हिट्रेक्टमी, लेझर, गॅस. पुढचे दहा दिवस मला पालथं पडून राहायचं होतं. वाचायला बंदी, स्क्रीनला बंदी. तेव्हा त्या चार शब्दांचा विचार करण्याखेरीज दुसरा उद्योग नव्हता. नंतर डोळा वाचण्याजोगा झाल्यावर एकेक शब्द शोधत गेलो, आणि लक्षात आलं की ती ओळ म्हणजे शंभर वर्षांचा इतिहास आहे. कुठल्याही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असतो तसा: प्रत्येक थर वेगळ्या माणसानं लिहिलेला, आणि खालचा थर काढला तर वरचं सगळं कोसळणार.

आधी थोडी शरीररचना, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. डोळ्याच्या गोळ्यात पारदर्शक जेली भरलेली असते, तिला व्हिट्रियस म्हणतात. वयानं, किंवा माझ्यासारखा मोठा मायनस नंबर असेल तर लवकरच, ही जेली आकसते. आकसताना ती पडद्याला ओढते. पडदा कुठे कमकुवत असला तर तिथे फाटतो, फटीतून पाणी पडद्याच्या मागे शिरतं, आणि भिंतीवरच्या वॉलपेपरसारखा पडदा सुटत जातो. मागच्या थरातून मिळणारा प्राणवायू बंद झाला की पडद्याच्या पेशी उपाशी मरायला लागतात. दुखत मात्र काहीच नाही. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके, कडेला विजेसारखी चमक, आणि मग एका बाजूनं सावली चढत येते. हे तिन्ही किंवा यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरकडे जायचं, सोमवारची वाट बघायची नाही. मला शुक्रवारी संध्याकाळी ठिपके दिसले, शनिवारी सकाळी सावली आली, दुपारी मी डॉक्टरांसमोर होतो. तरीही मधला भाग, ज्याला मॅक्युला म्हणतात आणि ज्याच्यावर वाचणं अवलंबून असतं, तो तोवर सुटायला लागला होता. फाट वरच्या बाजूला असली की पाणी भराभर खाली उतरतं. गुरुत्वाकर्षण कुणाला सोडत नाही.

तर मूळ मुद्दा. कॉक्सियसनं फाट पाहिली, १८८२ च्या सुमारास लेबर नावाच्या मोठ्या संशोधकानं फाटीला आणि जेलीच्या ओढीला महत्त्व आहे असं म्हटलंही. पण बाकीच्यांना पुष्कळ रोग्यांच्या डोळ्यात फाट सापडेचना. कारण फाट बहुतेक वेळा पडद्याच्या अगदी कडेला असते, आणि तेव्हाच्या उपकरणातून तिथवर नजर पोचत नसे. दिसली नाही म्हणजे नाही, असा निष्कर्ष निघाला, आणि दिसली तर ती रोगाचं कारण नसून परिणाम आहे असं ठरलं. (आमच्या क्षेत्रात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात.)

मग उपचार काय? रोग्याला आठवडेच्या आठवडे निश्चल झोपवणं, दोन्ही डोळ्यांना पट्टी, घाम काढणारी औषधं, मीठ बंद. बाहेरून सुई घालून पडद्यामागचं पाणी काढून टाकणं. डॉइचमान नावाच्या डॉक्टरनं तर सशाच्या डोळ्यातली जेली माणसाच्या डोळ्यात भरून पाहिली. पावसाळ्यात छत गळतंय आणि आपण रोज फरशी पुसतोय, गच्चीवरची भेग कुणी बघतच नाही, असा हा प्रकार. पाणी काढलं की दोन दिवसांत पुन्हा भरायचं. १९१२ साली अमेरिकेत डेरिक व्हेल यांनी देशभरातल्या नेत्रतज्ज्ञांना विचारून अंदाज घेतला, तेव्हा बरे होणारे रोगी हजारात एक निघाले.

गच्चीवर गेला तो ज्यूल गोनँ. जन्म १८७०, स्वित्झर्लंडमधलं लोझान हे त्याचं गाव, आणि तिथेच प्रॅक्टिस. त्याचं म्हणणं एका वाक्यात मावतं: फाट हेच कारण आहे, ती शोधा आणि बंद करा. यातला 'शोधा' हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. तो रोग्याच्या डोळ्यात तासन्‌तास बघत बसायचा. फाट घड्याळाच्या कितीच्या आकड्यावर आहे, पडद्याच्या कडेपासून किती लांब आहे, याचा नकाशा काढायचा. मग ती जागा डोळ्याच्या पांढऱ्या आवरणावर बाहेरून मोजून आखायची, तिथे छेद घ्यायचा आणि तापवलेलं टोक आत घालून फाटीची कड डागायची. डागलेल्या जागी व्रण तयार होतो आणि पडदा मागच्या थराला चिकटतो. जाळून चिकटवणं! ऐकायला अघोरी वाटतं. पण एक-दोन मिलिमीटरची चूक झाली तर सगळं फुकट, म्हणून हे खरं तर मोजमापाचं काम होतं.

१९२० च्या आसपास त्यानं निकाल मांडायला सुरुवात केली. स्वागत थंड झालं. जवळपास दहा वर्षं तो तेच सांगत राहिला, आणि एकेक डॉक्टर लोझानला येऊन डोळ्यांनी बघून जात राहिला. १९२९ साली अॅमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्रपरिषदेत चित्र पालटलं, कारण आता एकटा गोनँ बोलत नव्हता. बार्सिलोनाचा आरुगा, उत्रेख्तचा वेव्ह असे इतर लोकही त्याच पद्धतीचे निकाल सांगत होते. हजारात एकावरून गोष्ट निम्म्याच्या आसपास आली होती. १९३४ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ आला आणि १९३५ मध्ये तो गेला. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत शोध एकच आहे आणि तो हाच. पुढचं सगळं म्हणजे 'फाट शोधा' आणि 'फाट बंद करा' या दोन आज्ञा अधिक चांगल्या पाळण्याचे प्रयत्न.

अर्थात निम्मे बरे म्हणजे निम्मे आंधळेही. आजीचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना अण्णामामा म्हणायचो, सांगलीकडे शाळेत मास्तर होते. त्यांचा डोळा १९५८ साली असाच गेला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून त्यांना महिनाभर उताणं झोपवलं होतं, दोन्ही डोळे बांधून. आजी त्यांना भरवायला जायची. पट्टी सोडली तेव्हा डोळा आला नाही तो नाहीच. माझं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरात सगळे धीर देत होते, फक्त आजी गप्प होती. ती का गप्प होती ते मला आईनं नंतर सांगितलं.

आता 'शोधा'चा पुढचा अध्याय, आणि हा सिनेमासारखा आहे. चार्ल्स स्केपेन्स, बेल्जियमचा नेत्रतज्ज्ञ, जन्म १९१२. दुसऱ्या महायुद्धात गेस्टापो मागे लागल्यावर तो फ्रान्स आणि स्पेनच्या सरहद्दीवरच्या मांदीव नावाच्या खेड्यात गेला आणि ज्याक पेरो या खोट्या नावानं लाकडाची वखार चालवू लागला. जर्मनांच्या लेखी तो साधा लाकूडव्यापारी. प्रत्यक्षात वखारीच्या आडून तो शंभरावर माणसांना पिरनीज डोंगर ओलांडून स्पेनमध्ये पोचवत होता, जाँ सारोशार नावाच्या एका मेंढपाळाच्या मदतीनं. १९४३ मध्ये बिंग फुटलं, तो स्वतः निसटला, बायकोमुलांनाही नंतर तेच डोंगर पायी ओलांडावे लागले. लंडनला पोचल्यावर युद्धकाळातच, मिळेल त्या सामानातून, त्यानं डोक्यावर बसवायचं दोन डोळ्यांनी बघायचं उपकरण जुळवलं. डॉक्टर कपाळावर दिवा बांधून, हातात भिंग धरून वाकून बघतात ना, तेच हे. दोन्ही डोळ्यांनी बघता येत असल्यामुळे खोली कळते, आणि बाहेरून डोळा हलकेच दाबला की पडद्याची अगदी टोकाची कडही नजरेत येते. जी फाट 'नाहीच' म्हणत होते, ती दिसायला लागली. (त्या दाबण्याला 'हलकेच' म्हणणं ही डॉक्टरांची भाषा. धातूची काडी पापणीवरून आत रुतते तेव्हा रोग्याला वेगळे शब्द सुचतात :-) )

स्केपेन्स १९४७ साली बॉस्टनला गेला. त्याच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी एक आपल्याकडे परत आले, डॉ. एस. एस. बद्रिनाथ. त्यांनी १९७८ साली चेन्नईत शंकर नेत्रालय सुरू केलं.

'बंद करा'ची गोष्ट थोडी झरझर सांगतो. पट्टा: १९४९ मध्ये जर्मनीत कुस्टोडिसनं डोळ्याच्या बाहेरून एक तुकडा शिवला, म्हणजे भिंतच आत ढकलून पडद्याला टेकवली. पुढे स्केपेन्सनं गोळ्याला वेढा घालणारा पट्टा रुळवला. पडदा भिंतीकडे येत नाही तर भिंत पडद्याकडे नेऊ, हा विचार मला इंजिनिअर म्हणून फारच आवडला. माझ्या डोळ्याभोवतीचा सिलिकॉनचा पट्टा आता जन्मभर तिथेच राहणार आहे. लेझर: हाम्बुर्गच्या मायर-श्विकेराथनं १९४५ चं ग्रहण बघून पडदा भाजलेला रोगी पाहिला, आणि ठरवलं की उजेडानं भाजतं तर उजेडानं फाटही डागता येईल. सुरुवातीला त्यानं चक्क छतावर आरसे लावून सूर्याचा उजेड खाली आणला होता. ढग आले की ऑपरेशन बंद. साठच्या दशकात लेझर आला आणि सूर्य सुटला.

व्हिट्रेक्टमी म्हणजे ती ओढणारी जेलीच काढून टाकायची. हे अनेक पिढ्यांना पाप वाटे, जेलीला हात लावला की डोळा गेला अशी ठाम समजूत. मायामीत डेव्हिड कॅस्नरनं साठच्या दशकात ती समजूत मोडली, आणि तिथेच १९७० साली रॉबर्ट माखेमरनं बारीक नळीतून जेली कापून ओढून घेणारं आणि त्याच वेळी तितकंच पाणी आत सोडणारं यंत्र वापरलं. त्याचे पहिले प्रयोग अंड्याच्या पांढऱ्या बलकावर झाले होते.

राहिला गॅस. १९७३ च्या सुमारास मायामीतच एडवर्ड नॉर्टननं सल्फर हेक्झाफ्लोराइडचा वापर रूढ केला. इलेक्ट्रिकलवाले मित्र ओळखतील, हाय व्होल्टेज स्विचगिअरमध्ये भरतात तोच. हा गॅस रक्तात सावकाश विरघळतो, त्यामुळे बुडबुडा दोनेक आठवडे टिकतो आणि व्रण पक्का होईपर्यंत फाट आतून दाबून धरतो. बुडबुडा वर तरंगतो, म्हणून फाट वर येईल असं डोकं ठेवायचं. मॅक्युला डोळ्याच्या मागच्या बाजूला, तिथे दाब हवा तर तोंड जमिनीकडे. म्हणून ते दहा दिवस. विमान पूर्ण बंद, कारण हवेचा दाब कमी झाला की बुडबुडा फुगतो, आणि डोळ्यातला दाब इतका वाढतो की दृष्टी कायमची जाऊ शकते. अकरावीत पाठ केलेला बॉइलचा नियम आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडला. डॉक्टरांनी तर महाबळेश्वरलाही जायचं नाही असं बजावलं.

त्या दहा दिवसांचं फार वर्णन करत नाही. टेबलाच्या कडेला उशी, उशीवर कपाळ, आणि डोळ्यापुढे घरातली मोझेक फरशी. आई ताट स्टुलावर ठेवायची आणि मी चमच्यानं खालूनच खायचो. आजी रोज येऊन बसायची. एकदा तिनं विचारलं, "अण्णाला हे असं का नाही केलं?" मी म्हटलं, आजी, तेव्हा हा गॅस कुणी वापरत नव्हतं, जेलीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. ती म्हणाली, "म्हणजे पंधरा वर्षं उशीर झाला असता तर डोळा राहिला असता." गणित बरोबर होतं.

ब्रिटनचे माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्या बाबतीत हेच गणित एका माणसात दिसतं. १९६७ मध्ये, सोळाव्या वर्षी, रग्बी खेळताना त्यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. अनेक ऑपरेशनं, आठवडेच्या आठवडे अंधारात पडून राहणं, आणि तरीही डोळा गेला. पुढे एडिंबरात विद्यार्थी असताना उजव्या डोळ्यातही तीच लक्षणं दिसली. हेक्टर चावला नावाच्या तरुण सर्जननं तेव्हा नव्या पद्धतीनं ऑपरेशन केलं, आणि तो डोळा वाचला. दोन ऑपरेशनांमध्ये मोजकीच वर्षं.

आता पहिल्या ऑपरेशनात दहातले साधारण आठ-नऊ पडदे जागेवर बसतात. बसणं आणि पूर्वीसारखं दिसणं या दोन गोष्टी मात्र वेगळ्या. माझा बुडबुडा आधी सगळीकडे धूसर, मग वरून उतरत येणाऱ्या पाणसळीच्या रेषेसारखा, शेवटी खाली डुगडुगणारा एक गोल थेंब, आणि एका सकाळी नाहीसा. मॅक्युला सुटला होता त्यामुळे सरळ रेघ मला त्या डोळ्यानं किंचित वाकडी दिसते. एक्सेलचं शीट मधोमध चिमटल्यासारखं. डाव्या डोळ्यातही दोन कमकुवत जागा सापडल्या, त्यांना लेझरनं आधीच डागून घेतलंय.

वाकडेपणा मोजायला डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद दिलाय, मधे एक ठिपका. याला अॅम्सलर ग्रिड म्हणतात. मार्क अॅम्सलर हा लोझानमध्ये गोनँच्याच हाताखाली शिकलेला आणि त्याच्यानंतर त्याच जागेवर बसलेला माणूस. कागद फ्रिजवर लावलाय. दर रविवारी डावा डोळा झाकून बघतो. दिवाळीत ठिपक्याच्या उजवीकडे पाच चौकटी वाकड्या होत्या, गेल्या रविवारी तीन.