रस्त्याकाठचे बोलके दगड

स्मरणिका समितीने या वेळी माझ्यावर इतिहासाचं काम सोपवलं. "सर, आपल्या भागाचा इतिहास लिहा, पण दोन पानांतच बसवा," अशी प्रेमळ ताकीदही मिळाली. म्हटलं, सुरुवात घरापासून करावी. म्हणून आपल्या सोसायटीची कोनशिला बघायला खाली उतरलो, तर ती सापडेना! वॉचमनच्या केबिनमागे दोन जुन्या सायकली, रंगाचे रिकामे डबे आणि एक मोडकी खुर्ची बाजूला केल्यावर कुठे दर्शन घडलं. निम्मी अक्षरं चुन्याखाली गेलेली. पंचवीस वर्षांत आपली ही गत, तर शेकडो वर्षांच्या दगडांचं काय होत असेल?

याचं उत्तर आपल्या बोरिवलीतच आहे. एक्सर गावातले वीरगळ तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलेत? रिक्षाने जाण्याएवढं अंतर, तरी आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते ठाऊक नाहीत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभा केलेला दगड. तो वाचायचा खालून वर. तळाच्या पट्टीत लढाई आणि वीराचा मृत्यू, त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना, आणि सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा करणारा तो वीर. वीरगळावर पुष्कळदा चंद्र-सूर्यही कोरलेले असतात. ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी ही पाटी!

पण एक्सरच्या दगडांची गोष्ट न्यारी आहे. यातल्या काहींवर चक्क आरमारी लढाई कोरली आहे. उंच नाळेची गलबतं, त्यांच्या बाजूने ओळीने बाहेर आलेली वल्ही, आत दाटीने उभे असलेले सैनिक. समुद्रावरच्या लढाईचे वीरगळ फार दुर्मीळ. शिवरायांनी आरमार उभारलं हे आपण शाळेत शिकलो, पण त्याआधी चारशे वर्षं याच किनाऱ्यावर युद्धनौका झुंजत होत्या, हे या दगडांनी जपून ठेवलं.

ही लढाई कोणाची? नाव-गाव सांगणारा लेख दगडांवर नाही, त्यामुळे अभ्यासकांनी इतर साधनांशी ताडून पाहिलं. उत्तर कोकणावर तेव्हा शिलाहारांचं राज्य होतं आणि त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर. देवगिरीच्या महादेव यादवाने 1265 च्या सुमारास त्याच्यावर स्वारी केली. जमिनीवर हरल्यावर सोमेश्वर जहाजांच्या आश्रयाला गेला आणि समुद्रात बुडून त्याचा अंत झाला. यादवांच्या दरबारातला हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने आपल्या ग्रंथात या घटनेचा उल्लेख केला आहे. महादेवाच्या क्रोधाला तोंड देण्यापेक्षा सोमेश्वराने समुद्रात बुडणं पत्करलं, असा त्याचा आशय. अर्थात हा जिंकलेल्या बाजूचा वृत्तांत! एक्सरचे वीरगळ याच युद्धाचे असावेत, असं वा. वि. मिराशींसारख्या विद्वानांचं मत आहे.

1882 च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये एक्सरला आमराईत ओळीने सहा दगड असल्याची नोंद आहे. आमराईचं आता नाव काढू नका. वस्ती वाढली, जमिनीची पातळी वर आली आणि काही दगडांचा खालचा भाग मातीत गेला. म्हणजे जिथे लढाई कोरलेली असते, तोच भाग! तरीही ते टिकले, कारण गावकऱ्यांनी त्यांना देव मानलं. शेंदूर, फूल, उदबत्ती मिळाली. शेंदराने कोरीवकाम झाकलं जातं हे खरं, पण ज्या दगडाला देव म्हटलं त्याची कोणी पायरी केली नाही, हेही तितकंच खरं.

याउलट नशीब मुंबईतल्या मैलाच्या दगडांचं. इंग्रजांच्या काळात फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चपासून शहरातली अंतरं मोजत. 1718 मध्ये खुलं झालेलं हे चर्च. किल्ल्याच्या तटाचा जो दरवाजा त्या चर्चकडे जायचा, तो चर्चगेट. आपण रोज सकाळी धक्के खात जिथली लोकल पकडतो, ते नाव असं आलं. 1860 च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला, नाव तेवढं उरलं. चर्चपासून किती मैल हे रोमन आकड्यांत कोरलेले काळ्या दगडाचे खांब रस्त्याकडेला होते. मैल जाऊन किलोमीटर आले आणि त्यांचं काम संपलं. दर डांबरीकरणाला रस्ता वर आला नि दगड खाली गेले. त्यांना कोणी शेंदूर लावला नाही. अलीकडे महापालिकेने त्यातले काही उकरून, स्वच्छ करून पुन्हा उभे केले, ही समाधानाची गोष्ट.

सांगायचं तात्पर्य, दगड मुद्दाम फोडणारे थोडे असतात. तो जातो आपल्या न बघण्याने. आज सायकल टेकवली, उद्या डबा ठेवला, परवा कोणाच्या लक्षातही नाही.

आपल्याकडे पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आहे. आज ना उद्या ही इमारत पडेल आणि राडारोड्याचे ट्रक भरतील. त्यात आपली कोनशिला जाऊ नये, एवढी माझी व्यवस्थापन समितीला नम्र विनंती. त्यावर ज्यांची नावं आहेत, त्यातली तीन माणसं आज आपल्यात नाहीत. त्यांनी लढाई मारली नाही, पण पाण्याच्या कनेक्शनसाठी किती खेटे घातले ते माझ्या पिढीने पाहिलंय. हा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडावा. तोवर येत्या रविवारी सकाळी मी एक्सरला जाणार आहे. मुलांना घेऊन या. दगड खालून वर वाचायचा, हे मात्र विसरू नका.