श्रवणावाचून श्रद्धा

ख्रिस्ती उपासना ही बव्हंशी कानांनी करावयाची गोष्ट आहे. घंटा वाजते, शास्त्रवाचन होते, गीते गाइली जातात, उपदेश होतो. त्यातून श्रद्धा श्रवणाने उपजते, असे प्रेषित पौलाने लिहून ठेवलेले. तेव्हा ज्याला ऐकूच येत नाही त्याच्या ठायी श्रद्धा यावी तरी कशी, ही शंका युरोपात शतकानुशतके घर करून राहिली. तिचे निरसन पंडितांच्या वादाने झाले नाही. ते शिक्षकांनी केले. सोळाव्या शतकात स्पेनमधील पेद्रो पोन्से दे लेओन या मठवासी साधूने उमराव घराण्यांतील बधिर मुलांस लिहावयास व बोलावयास शिकविले. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूने दोन बधिर बहिणींस धर्मशिक्षण देण्याकरिता हातांच्या खुणांचा आश्रय केला आणि त्यातूनच बधिरांची शाळा उभी राहिली.

मुंबईत 1885 च्या सुमारास बिशप लिओ म्युरिन यांच्या प्रयत्नाने मूकबधिरांची शाळा निघाली. 1900 साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलार्ड यांनी अंधांसाठी शाळा काढली. परंतु शाळा काढणे निराळे आणि मंडळीत स्थान देणे निराळे. शाळेत अपंग मनुष्य घेणारा असतो. मंडळीत तो देणाराही व्हावा लागतो. हा भेद स्पष्ट करणारे चरित्र महाराष्ट्रातच घडले आहे. ते पंडिता रमाबाईंचे.

1883 साली रमाबाई वैद्यकी शिकावी या हेतूने इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण बळावत चाललेल्या बहिरेपणामुळे वैद्यकीचा मार्ग खुंटला. मग चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्या स्वतः शिकल्या व संस्कृत शिकवू लागल्या. पुढे आयुष्यभर त्यांचे श्रवण मंदच राहिले. ज्या बाईच्या शब्दाने सभा हेलावत, तिला सभेतील बोलणे नीट ऐकू येत नसे, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत त्यांनी उपाशी मुलींना व बायकांना केडगाव येथे आश्रय दिला. 1900 च्या सुमारास ‘मुक्ती’तील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्यांत अंध मुलीही होत्या. त्यांच्या निवासाला शुभवर्तमानातील बार्तीमय या आंधळ्या भिकाऱ्याचे नाव मिळाले. तेथे मुली बोटांनी ब्रेल वाचावयास आणि हातांनी कामधंदा करावयास शिकल्या. तथापि निराळे घर हा आसरा असला तरी ती एक भिंतही असते, हे विसरून चालणार नाही. ती भिंत आत राहणाऱ्यांच्या कर्तृत्वाने खचते; नुसत्या दयेने नव्हे.

रमाबाईंचे कर्तृत्व ग्रंथरूपाने उरले आहे. हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या, बायाबापड्यांना उमगेल अशा मराठीत आणले. त्याचे खिळे ‘मुक्ती’च्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच जुळविले. 5 एप्रिल 1922 रोजी, काम उरकल्यानंतर अल्पावधीतच, बाईंचे देहावसान झाले. ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला. जिला उपदेश नीट ऐकू येत नव्हता तिने अवघ्या मराठी मंडळीला वाचावयास शास्त्र दिले!

यानंतर साधने वाढली. 1951 मध्ये भारती ब्रेल मान्य झाली आणि देशातील निरनिराळ्या ब्रेल लिप्यांचा गोंधळ मिटला. 2024 च्या मे महिन्यात त्रिशूर येथे जोसेफ थेर्मडम या बधिर तरुणाला कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा मिळाली. वेदीजवळ उभा राहून हातांच्या भाषेत उपासना चालविणारा मनुष्य आता या देशात आहे.

मुंबईपासून छत्रपती संभाजीनगरापर्यंतच्या मराठी मंडळ्यांपुढे यामुळे एक साधा प्रश्न उभा राहतो. पायऱ्यांशेजारी उतार बांधला, पुढचा बाक राखून ठेवला, एवढ्याने काम संपत नाही. रविवारचा शास्त्रपाठ अंधाच्या बोटांखालून वाचला जातो काय? कारभारी समितीत बधिराचे मत कोणी हातांच्या खुणांनी विचारतो काय?

यरीहोच्या वाटेवर बार्तीमयाने हाक मारली तेव्हा लोकांनी त्याला दटावून गप्प बसविण्याचा प्रयत्न केला. येशूने मात्र त्याला बोलावून आणण्यास त्या लोकांनाच सांगितले. तो आला, त्याला दृष्टी मिळाली, आणि मग तो रस्त्याच्या कडेला बसून राहिला नाही. इतरांबरोबर वाट चालू लागला.