विद्यामंदिराचे पुन्हा उघडलेले दार

१६६५ च्या उन्हाळ्यात प्लेगच्या भयाने केंब्रिज विद्यापीठ ओस पडले. नुकताच पदवीधर झालेला न्यूटन आपल्या वूल्सथॉर्प गावी परतला आणि तेथील एकांतात गणित, प्रकाश व गुरुत्वाकर्षण यांच्या चिंतनात गढून गेला, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. १६६६ च्या मार्चात तो केंब्रिजला आला. साथ पुन्हा उसळल्याने जूनमध्ये माघारी गेला. अखेर १६६७ च्या एप्रिलात परतला, तेव्हा त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजने त्याला फेलो म्हणून निवडले. एकांतातल्या अंकुराला संस्थेची भूमी मिळाली.

आपल्याकडे मार्च २०२० मध्ये शाळा मिटल्या. मध्यंतरी उघडझाप झाली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी खेड्यांत पाचवीपासून व शहरांत आठवीपासून वर्ग भरले. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा खंड पडला. न्यूटनपाशी ग्रंथ होते, घरच्या शेतीचा आधार होता. ज्या मुलाच्या घरी साधा मोबाइलही नव्हता, त्याने काय करावे? कुलूप काढल्याने शाळा उघडत नाही, श्रोतेहो. जो विद्यार्थी परत आलाच नाही, त्याच्या उंबरठ्यावर शाळा जाईल तेव्हाच ती खरी उघडली म्हणायची.