बालकांचा संधिशोथ : एका व्याधीच्या नामांतरांचा इतिहास

संधिवात हे उतारवयाचे दुखणे होय, हा समज मराठी घरांत अद्याप रूढ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपीय वैद्यकाची धारणा याहून फारशी निराळी नव्हती. मुलाचे सांधे सुजल्याच्या तुरळक नोंदी होत असत. 1864 मध्ये फ्रान्समधील कॉर्निल याने बाराव्या वर्षापासून पीडित असलेल्या एका स्त्रीचे वर्णन केले होते, आणि 1890 च्या सुमारास पॅरिसमध्ये डायमंट-बर्गर याने या विषयावर स्वतंत्र प्रबंधही सादर केला. तथापि या सर्व नोंदींमागचे गृहीतक एकच होते : प्रौढांचाच रोग क्वचित लवकर येतो, आणि मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ.

या गृहीतकाला तडा दिला तो जॉर्ज फ्रेडरिक स्टिल (1868–1941) या तरुण इंग्रज वैद्याने. त्याचे आरंभीचे शिक्षण केंब्रिज येथे ग्रीक-लॅटिन वाङ्मयात झाले होते, ही गोष्ट त्याच्या चरित्रात सहसा शोभेची म्हणून सांगितली जाते. पाठभेद ताडून पाहण्याची सवय झालेल्या दृष्टीला रुग्णांच्या नोंदींतील भेदही दिसावेत, यात नवल नाही. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात काम करीत असताना त्याने 22 मुलांचा अभ्यास केला. त्याचा निबंध 1896 मध्ये रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीपुढे वाचला गेला आणि 1897 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढांच्या रोगाच्या नावाखाली मुलांमध्ये एकाहून अधिक रोग दडलेले आहेत, हे त्यात मांडले होते. त्यांपैकी एका प्रकारात सांध्यांच्या सुजेबरोबर ताप येतो, लसीका ग्रंथी व प्लीहा वाढतात, कधी हृदयावरणालाही सूज येते. मान ताठरते आणि मुलाची वाढ खुंटते. दुधाचे दात पडण्यापूर्वीच पुष्कळदा आजार सुरू होतो, हेही त्याने टिपले.

या निबंधाचे मोल लक्षणांच्या यादीपेक्षा त्यातील दृष्टीत अधिक आहे. वाढ हा प्रौढाच्या सांध्याला नसलेला गुण आहे. लहान मुलाच्या एकाच गुडघ्यात शोथ राहिला, तर तेथे रक्तपुरवठा वाढून तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब होऊ शकतो. जबड्याच्या सांध्यात शोथ झाला, तर हनुवटी मागे राहते. म्हणजे येथे रोग सांध्याबरोबर देहाची घडणही बदलतो. स्टिल पुढे 1906 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात बालरोगांचा प्राध्यापक झाला. इंग्लंडमधील हे अशा प्रकारचे पहिले पद मानले जाते. 1931 मध्ये त्याने बालवैद्यकाचा इतिहासही लिहिला. त्या व्याधीला मात्र ‘स्टिलचा रोग’ असे नाव मिळाले आणि गोंधळाला तेथूनच सुरुवात झाली. कारण स्टिलने जो भेद दाखविला होता तो पुसून, मुलांच्या कोणत्याही दीर्घकालीन संधिशोथास हे नाव सर्रास लावले जाऊ लागले.

यानंतरची सुमारे पन्नास वर्षे फारशी फलदायी नव्हती. मुलांच्या सांध्यांविषयी वैद्यकाची सारी चिंता संधिज्वराने व्यापलेली होती. घशातील जंतुसंसर्गानंतर येणारा हा ज्वर सांध्यांना तात्पुरता स्पर्श करून हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवतो. त्याच्याच अभ्यासासाठी 1947 मध्ये इंग्लंडमधील टॅपलो येथे, क्लाइव्हडन इस्टेटीवरील कॅनेडियन रेडक्रॉस स्मारक रुग्णालयात, एक विशेष केंद्र उघडण्यात आले. एरिक बायवॉटर्स हे त्याचे प्रमुख. लंडनवरील बाँबवर्षावात ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांची मूत्रपिंडे का निकामी होतात, यावरील त्यांचे संशोधन 1941 पासून प्रसिद्ध होते. काही वर्षांतच पेनिसिलिन व सुधारलेली राहणी यांमुळे इंग्लंडमध्ये संधिज्वर ओसरू लागला, आणि ज्यांचा आजार संधिज्वर नव्हता, जो महिनोन्महिने हटत नव्हता, अशी मुले रुग्णालयात ठळकपणे नजरेस येऊ लागली. एक रोग मागे सरल्यावर दुसरा दिसू लागतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विरळाच. भारतात हा पडदा पुष्कळ उशिरापर्यंत राहिला. येथे सुजलेला गुडघा घेऊन आलेल्या मुलाविषयी पहिला संशय संधिज्वराचा किंवा क्षयाचा घेतला जाई, आणि त्या काळच्या परिस्थितीत तो गैरही नव्हता.

टॅपलोच्या कार्याचा मोठा वाटा बार्बरा अॅन्सेल (1923–2001) यांच्याकडे जातो. सांधा दुखतो म्हणून मुलाला अंथरुणावर निजवून ठेवावे, ही जुनी रीत त्यांनी नाकारली. व्यायाम, सांधा वाकडा होऊ नये म्हणून बांधावयाच्या पट्ट्या, आणि मुलाचे शिक्षण या सर्वांना त्यांनी उपचाराचाच भाग मानले. दुसरे असे की, त्यांनी व बायवॉटर्स यांनी आपल्या रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यामुळे एकाच नावाखालील मुलांची भवितव्ये भिन्न असतात हे पुराव्यानिशी सिद्ध झाले : काहींचा आजार शमे, काहींचे सांधे झिजून जात. तिसऱ्या एका गटात, बहुधा मोजकेच सांधे सुजलेल्या लहान मुलींमध्ये, डोळ्याच्या आतील पडद्याला सूज येई. ही सूज दुखत नाही, डोळा लालही होत नाही. मूल तक्रार करीत नाही, आणि दृष्टी हळूहळू जाते. 1970 च्या दशकात या नेत्रशोथाचा रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांशी असलेला संबंध स्पष्ट झाल्यावर, कोणत्या मुलीचे डोळे ठरावीक काळाने तपासावयाचे हे सांगता येऊ लागले. वर्गीकरण हा कागदी उद्योग आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या मुलींचा विचार करावा.

चुकीच्या नावाने काय झाकले जाते याचा दाखला 1975 मध्ये अमेरिकेत मिळाला. कनेटिकट राज्यातील ओल्ड लाइम या छोट्या गावात अनेक मुलांना बालसंधिशोथ असल्याचे निदान झाले होते. हा रोग साथीने येत नाही. मग एका वस्तीत इतकी मुले कशी, हा प्रश्न तेथील मातांनी आरोग्य खात्याकडे नेला. अॅलन स्टीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये 51 रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील 39 मुले होती. पुढे विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीत त्याचा सर्पिल जंतू शोधला, आणि ‘लाइम रोग’ वेगळा झाला. त्या मुलांना प्रतिजैविकांची गरज होती. नाव मात्र अशा रोगाचे मिळाले होते की ज्यावर ती निरुपयोगी ठरतात.

याच दशकात अटलांटिकच्या दोन तीरांवर दोन परिभाषा रुजल्या. अमेरिकेने ‘बाल संधिवाताभ संधिशोथ’ हे नाव धरले व सहा आठवड्यांची मर्यादा घातली. युरोपने ‘बाल दीर्घकालीन संधिशोथ’ म्हटले व तीन महिन्यांची. एकाने वगळलेले प्रकार दुसऱ्याने समाविष्ट केले. परिणामी दोन्हीकडील आकडे एकमेकांशी ताडून पाहता येईनात. सांतियागो (1994), डर्बन (1997) आणि एडमंटन (2001) अशा तीन बैठकांतून आंतरराष्ट्रीय संघटनेने अखेर ‘बाल अज्ञातहेतुक संधिशोथ’ हे नाव व त्याचे सात प्रकार निश्चित केले. सोळा वर्षांपूर्वी आरंभ, किमान सहा आठवड्यांचा कालावधी, आणि कारण अज्ञात, असे त्याचे निकष. आपले अज्ञान नावातच नोंदविणारी ही संज्ञा आधीच्या दोहोंपेक्षा प्रामाणिक आहे, एवढे तिच्या बाजूने म्हणता येईल.

उपचाराची वाट याहून वळणाची आहे. अॅस्पिरिन व सोन्याची इंजेक्शने यांनंतर 1948 मध्ये कॉर्टिसोन आले. त्याने ताप व सूज उतरे; परंतु मुलाची उंची खुंटे, म्हणजे रोगाने जे करावे तेच औषध करी. खरा बदल मेथोट्रेक्सेटने घडविला. या औषधाचे मूळ अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत, आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेल्या येल्लप्रगडा सुब्बाराव (1895–1948) यांच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक अम्लाच्या विरोधी द्रव्यांवर झालेल्या कार्यात आहे. त्यांपैकी अॅमिनोप्टेरिन हे द्रव्य सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त मुलांना दिले व 1948 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सुब्बाराव निवर्तले. 1951 मध्ये हेच द्रव्य प्रौढांच्या संधिशोथावर वापरून पाहण्यात आले. पण मेथोट्रेक्सेट मुलांच्या सांध्यांवर गुणकारी असल्याचा निर्विवाद पुरावा यावयास 1992 साल उजाडले. 127 मुलांवरील ही चाचणी अमेरिका व सोव्हिएत संघ यांनी संयुक्तपणे केली होती. अहवाल छापून आला तेव्हा त्यांतील एक राष्ट्र नकाशावर उरले नव्हते.

यानंतर शोथ चेतविणारी नेमकी प्रथिने अडविणाऱ्या जैविक औषधांचे युग सुरू झाले. 2000 मध्ये एटानरसेप्टची 69 मुलांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तथापि स्टिलने वर्णिलेल्या तापाच्या प्रकाराला त्याचा म्हणावा तसा उपयोग होईना. 2005 मध्ये व्हर्जिनिया पास्क्वाल व सहकाऱ्यांनी दाखविले की या मुलांत इंटरल्युकिन-1 या प्रथिनाचा उद्रेक असतो. ते अडविताच नऊपैकी सात मुलांचा आजार शमला. तेव्हा हा प्रकार इतरांसारखा स्वयंप्रतिरक्षी, म्हणजे देहाने स्वतःलाच परका मानून प्रतिपिंडे वा पेशी सज्ज केल्याने होणारा, नसावा. जन्मजात संरक्षणयंत्रणाच विनाकारण पेटून उठते असा, म्हणजे स्वयंशोथी, असावा असे मत बळावले. ‘स्वयंशोथी’ ही कल्पना स्वतः 1999 मधील. 2012 मध्ये इंटरल्युकिन-1 व 6 यांवरील औषधांच्या दोन मोठ्या चाचण्यांनी या मताला पुष्टी दिली.

प्रौढांतही अगदी असाच ताप व संधिशोथ आढळतो, हे बायवॉटर्स यांनी 1971 मध्येच 14 रुग्णांच्या आधारे लिहून ठेवले होते. ज्या मुलांना प्रौढांपासून वेगळे काढण्यात स्टिलचे यश होते, त्यांच्याच रोगाची प्रौढ आवृत्ती त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि मुलांच्या वर्गीकरणातून मात्र ते नाव गेले. 2024 मध्ये युरोपीय संधिरोग संघटनेने व बालसंधिरोग संघटनेने संयुक्त शिफारशींत दोन्ही वयोगटांतील या व्याधीस एकच मानून पुन्हा ‘स्टिलचा रोग’ हे नाव दिले. वर्गीकरणातील उरलेले सहा प्रकार ‘अज्ञातहेतुक’ या नावाखालीच आहेत.