किंमत घसरत नाही, पायऱ्या उतरते

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज टीव्हीची गोष्ट. माझ्या प्रबंधाशी तिचा संबंध नाही, पण डेटा कसा वाचायचा हे तिनेच शिकवलं.

२०२५ च्या गणपतीत सापगावला आमच्या घरी ५५ इंची टीव्ही आला, हप्त्यांवर. महिना व्हायच्या आत, घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबरला, ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत १०० धरा. १२८ चे ११८ झाले, म्हणजे सुमारे ७.८ टक्के कमी. आबा एवढंच म्हणाले, "तू एवढा शिकतोस, तुला आधी कळलं नाही?"

हे मनाला लागलं. म्हणून महागड्या टीव्हींच्या किमतींचा इतिहास काढून बसलो. सायन्सवाल्यांची सवय तुम्हाला माहीतच आहे: आकडे दिसले की त्यावर वक्र बसवायचा. मीही किरणोत्सारी क्षयासारखा घसरता वक्र बसवला. जुळलाही छान. पण अर्थ चुकला.

२०१३ चं उदाहरण बघा. जुलैमध्ये एलजीने ५५ इंची वक्र ओएलईडी टीव्ही अमेरिकेत १४,९९९ डॉलरला विक्रीस आणला. ऑगस्टमध्ये सॅमसंगने त्याच आकाराचा ८,९९९ ला आणला. लगेच एलजीचा ९,९९९ वर आला. टीव्ही तोच, काच तीच, फक्त शेजारी दुसरं दुकान उघडलं! पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, एलजीने ५५ इंचीचं नवं मॉडेल आणलं ३,४९९ ला.

अणूचा क्षय आपोआप होतो. किंमत मात्र कुणीतरी ढकलल्याशिवाय हलत नाही. पहिल्या वर्षात ढकलणारे साधारण चार: प्रतिस्पर्धी, सणाची सूट, येऊ घातलेलं नवं मॉडेल आणि कर. कारखान्यात वाया जाणारे पॅनल कमी झाले की उत्पादन खर्च उतरतो हे खरं, पण त्याने फक्त जागा तयार होते. ती ग्राहकाला कधी मिळेल, हे हे चौघे ठरवतात. शिवाय गिऱ्हाइकाची वाट बघण्याची तयारीही मोजावी लागते. टिकाऊ वस्तूचा एकटा विक्रेतासुद्धा भाव फार काळ चढा ठेवू शकत नाही, कारण लोक थांबतात, हे रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी. १४,९९९ ते ३,४९९ ही एका टीव्हीची घसरण नाही, मॉडेल बदललंय. आणि छापील किंमत वेगळी, प्रत्यक्ष बिल वेगळं. तुमच्या तक्त्यात नेमकं काय आहे, ते आधी लिहून ठेवा.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर? दर ठरले ३ सप्टेंबरला, पण दिवाळीपर्यंत जीएसटी बदलणार हे १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी सांगितलं होतं. म्हणजे खूण होती. मी वक्र बघत होतो, तारखा नाही.

तेव्हा कुठलाही आलेख काढण्याआधी एक रिकामा रकाना ठेवा आणि त्यात लिहा: त्या दिवशी काय घडलं? आमचे हप्ते अजून चालू आहेत. तुमचा शोधनिबंध तरी वेळेत सावरा.